मोठ्या बाईंची कात्रणं

शेंगदाणे संपले की माणसं पुडीचा कागद चुरगळून फेकतात. मोठ्या बाई आधी पुडी रिकामी करायच्या, दाणे शेजारणीच्या ओंजळीत द्यायच्या आणि कागद मांडीवर ठेवून तळहातानं सपाट करायच्या. मग कपाळावरचा चष्मा खाली यायचा. आम्ही दाणे खात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचो. बहुतेक वेळा त्या कागद उलटायच्या, पुन्हा उलटायच्या आणि शांतपणे चहाच्या चुलीत सारायच्या. पण एखाद्या वेळी त्यांचा हात कमरेकडे जाई. कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक लहानशी कात्री अडकवलेली असे. ती बाहेर आली की आम्ही समजायचो, ह्या पुडीत आपल्यापैकी कुणासाठी तरी काही निघालं.

मी नोकरीला लागले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर मनमाडचं, सासर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीचं. नर्सचं शिक्षण लग्नाआधीच झालं होतं, आणि लग्नानंतर सहा महिन्यांत मोहाडी तालुक्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक मिळाली. केंद्राखाली पाच उपकेंद्रं होती, प्रत्येक उपकेंद्रावर एक नर्स. आम्हा पाचजणींवर देखरेख करायला आणि आम्हाला शिकवायला ह्या मोठ्या बाई. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते कुणी घेत नसे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. त्या उंच होत्या, शिडशिडीत होत्या, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधत आणि पन्नाशी आली तरी सायकलवरून फिरत. सायकलच्या मागच्या कॅरिअरला लसीचा डबा आणि पुढच्या टोपलीत रद्दी.

रद्दी कुठून यायची म्हणाल तर सगळीकडून. आंधळगावच्या बाजारात त्या दाणेवाला निवडायच्या तो त्याच्याकडच्या कागदावरून. एक म्हातारा होता, त्याचे दाणे खवट असायचे. आम्ही नाकं मुरडली तर त्या म्हणाल्या, ह्याची रद्दी चांगल्या घरची असते. मास्तरांच्या घरून जुनी मासिकं यायची, सोसायटीतून शेतीची पत्रकं, औषधाच्या खोक्यांतून बारीक अक्षरांचे घडी घातलेले कागद. कुणाकडे पत्र आलं आणि त्यात काही ऐकण्यासारखं असलं, तर बाई ते मागून घ्यायच्या आणि तेवढाच मजकूर उतरवून पत्र परत करायच्या.

डॉक्टर नागपूरचे होते, तरुण होते आणि क्रिकेटचे वेडे होते. त्यांचा पेपर एस.टी.नं दुपारी यायचा. ते ओ.पी.डी. आटोपून जेवायला जाईपर्यंत पेपर आधी बाईंच्या हातात पडलेला असे. एकदा डॉक्टर पेपर उघडून बसले, तर पानाच्या मधोमध खिडकी. पलीकडून त्यांना कंपाउंडर दिसत होता. धावफलक नेमका त्या खिडकीत गेला होता. बाईंनी मागच्या बाजूची माहिती कापली होती, लहान मुलांना पेज कोणत्या महिन्यापासून द्यावी त्याची.  डॉक्टर उठून बाईंच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, तुमचं वाचून झालं असेल तर मला जरा मागची बाजू दाखवा. बाईंनी दाखवली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या धावा वाचल्या, खिशातून पेन काढलं आणि कात्रणाच्या कोपऱ्यात सही केली. ती सही काय होती ते मला पुढे कळलं. कुठलंही कात्रण आमच्या हातात येण्याआधी डॉक्टरांनी ते तपासावं, असा बाईंचाच नियम होता. जे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं निघे ते डॉक्टर खोडत आणि बाई तक्रार न करता चुलीत टाकत.

महिन्यातून दोन गुरुवारी आमची बैठक असे. सरकारकडून शिकवण्यासाठी पुस्तिका यायच्या. कागद चांगला, चित्रं चांगली आणि भाषा अशी की ‘बालकांमधील अतिसारजन्य निर्जलीकरणाची लक्षणे व उपाययोजना’ हे नाव वाचतानाच धाप लागे. बाई त्या पुस्तिकांची कधी टिंगल करत नसत. प्रत्येक पुस्तिका त्या दोनदा वाचायच्या, तांबड्या पेन्सिलीनं खुणा करायच्या. “त्यात खोटं काहीच नाही,” त्या म्हणायच्या, “पण ते सगळ्यायसाठी लिहिलं हाये. तू सगळी हायेस का?”

म्हणून त्या वर्षभर आमच्यासाठी वाचत राहायच्या. शंभर कागद वाचायचे तेव्हा एक ठेवायचा, असा त्यांचा हिशेब होता, आणि ठेवायचा की नाही ते ठरवण्याची त्यांची रीत त्यांच्याइतकीच निराळी होती. त्यांच्याबरोबर त्यांची विधवा बहीण राहायची. ती संध्याकाळी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसे. बाई समोर बसून निवडलेले कागद एकेक करून मोठ्यानं वाचत. बहिणीनं ऐकलंच पाहिजे असं काही नव्हतं. ती आपले खडे वेचत असायची. पण वाचता वाचता एखाद्या कागदाला तिचा हात सुपात थांबायचा. हात थांबला की कागद पास. हात चालू राहिला की कागद कितीही शहाणपणाचा असो, नापास. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. सात कागद वाचले गेले. आठव्याला बहिणीनं मान वर करून विचारलं, मग त्या बाईचं पुढं काय झालं? बाईंनी तो कागद वेगळा ठेवला आणि मला डोळा मारला.

पास झालेले कागद जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूला भाताच्या खळीनं चिकटवले जात. एका पावसाळ्यात उंदरांनी हिवतापाचं अख्खं प्रकरण खाल्लं. तेव्हापासून त्या खळीत मोरचूद घालू लागल्या आणि त्यांची बोटं कायम निळसर दिसू लागली. नवीन आलेल्या रोग्यांना वाटे, बाईंनाच काहीतरी आजार आहे.

एकच कात्रण पाचजणींना त्या कधी देत नसत. गुरुवारी चहा झाला की प्रत्येकीच्या हातात तिचा तिचा कागद पडे. सुशीला नावाची आमच्यातली सर्वांत हुशार नर्स होती. तिचा हात हलका, तिनं सुई टोचलेली कळत नसे. पण तोंड फार तिखट होतं. बायकांना ती दारातच झापायची. बाईंनी तिला कधी एका शब्दानं सांगितलं नाही. एका गुरुवारी तिच्या हातात एका जुन्या मासिकातलं वाचकाचं पत्र आलं. कुठल्याशा दूरच्या गावातल्या बाईनं लिहिलं होतं की माझं पहिलं बाळ दवाखान्यात झालं, दुसरं घरीच झालं आणि दगावलं, कारण दवाखान्यातल्या बाईचं बोलणं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. सुशीलानं ते वाचलं, घडी घातली आणि रागानं सायकल काढून निघून गेली. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. त्यापुढच्या बैठकीला आली तेव्हा तिनं चहाच्या वेळी हळूच विचारलं, त्या बाईचा पत्ता मिळेल का. पत्ता नव्हता. पण सुशीलाच्या उपकेंद्रावर त्या वर्षी बाळंतपणाला येणाऱ्या बायका वाढल्या, हे मी स्वतः पाहिलं. तिचं तोंड अगदी गोड झालं असं नाही, पण दारात झापायचं थांबलं.

मला पहिल्या गुरुवारी काय मिळालं असेल? नाटकाचं हँडबिल. गुलाबी कागदावर, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तेव्हा वाटतात तसलं. त्यावर रडवणारे, हसवणारे, अंगावर काटा आणणारे असे सतरा शब्द होते आणि नायिकेचं काम कोण करणार ते मोठ्या टायपात. मला वाटलं बाईंनी चुकून दिलं. मी तसं म्हटलं.

“चुकून नाही दिलं,” बाई म्हणाल्या. “तुझा आवाज तिसऱ्या बाईपर्यंत जात नाही. रोज सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर उभी राहून हे मोठ्यानं वाच. समोरच्या हापशीवरच्या बायकायनं मान वर केली पाहिजे.”

मी लाजत लाजत पंधरा दिवस ते वाचलं. पहिल्या आठवड्यात हापशीवरच्या बायका आपापसात हसल्या. दुसऱ्या आठवड्यात एकीनं विचारलं, नर्सबाई, नाटक कोणत्या दिवशी हाये? मी सांगितलं, नाटक होऊन गेलं, आता मुलांना लस टोचायची आहे, सोमवारी आणा. सोमवारी उपकेंद्रासमोर रांग लागली. अर्ध्या बायका नाटकाच्या नादानं आल्या होत्या, पण मुलं बरोबर घेऊन आल्या होत्या.

माझी दुसरी अडचण भाषेची होती. मी मनमाडची, शाळेतली मराठी बोलणारी. इथल्या बायका काय सांगतात ते निम्मं माझ्या डोक्यावरून जाई. एक बाई म्हणाली, मले कसंतरी होऊन राहिलं. मी नोंदवहीत लिहिलं, ‘तक्रार अस्पष्ट’. बाईंनी ती नोंद वाचली. पुढच्या गुरुवारी त्यांनी मला कात्रण दिलं नाही, एक शिवलेली वही दिली. ती कुठूनही कापलेली नव्हती. वीस वर्षं बायकांच्या तोंडून ऐकलेलं त्यांनी त्यात उतरवलं होतं. डाव्या बाजूला बाई काय म्हणते ते, उजव्या बाजूला आपण काय समजायचं ते. ‘डोळ्यापुढं अंधारी येते’ ह्याच्यासमोर लिहिलं होतं, रक्त कमी, पापणी खाली ओढून पाहा. ‘लेकरू आंग टाकून राहिलं’ ह्याच्यासमोर, हातातलं काम सोड. ‘टाळू बसली’ ह्याच्यासमोर, अंगातलं पाणी गेलं, पाणी पाजत पाजत केंद्रावर आण, वाद घालू नको. आणि ‘कसंतरी होऊन राहिलं’ ह्याच्यासमोर फक्त एवढंच, खाली बस आणि विचार.

अशी दीडेक वर्षं गेली. मग जिल्ह्याला एक नवे प्रशिक्षण अधिकारी आले. ते डॉक्टर नव्हते, प्रशासनाकडचे होते. टापटीप माणूस, इस्त्रीचा फिक्या निळ्या रंगाचा सफारी, खिशात दोन पेनं. एका गुरुवारी ते न सांगता बैठकीला आले आणि मागं बसले. त्या दिवशी एकीच्या हातात बियाण्याच्या पिशवीवरचा कागद होता, एकीच्या हातात लग्नपत्रिकेची मागची बाजू. साहेबांनी सगळे कागद गोळा करून पाहिले. डॉक्टरांच्या सह्याही पाहिल्या.

मी आज त्यांना दोष देणार नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक केंद्रानं आपापल्या मनानं काहीबाही शिकवायला सुरुवात केली आणि एखाद्या कागदात चूक निघाली, तर एखाद्याचा जीव जाईल. मग उत्तर कोण देणार? ते आवाज न चढवता बोलले आणि जाताना लेखी आदेश देऊन गेले. ह्यापुढे छापील पुस्तिकेप्रमाणेच शिकवावं, इतर कुठलंही साहित्य वाटू नये आणि दाखवू नये.

बाईंनी तो आदेश दोनदा वाचला. आम्हाला वाटलं कात्री निघेल, पण त्यांनी तो नीट फायलीला लावला. पुढच्या गुरुवारपासून त्या पुस्तिका उघडून शब्दन् शब्द वाचू लागल्या. खाली रेघ मारलेली वाक्यं दोनदा. अर्ध्या तासात सुशीलाची मान छातीवर पडली. दुसरीनं डोळे उघडे ठेवून झोपायची कला साधली. बाई मध्येच थांबून आमच्याकडे पाहत आणि पुन्हा पुढं वाचू लागत. त्यांच्या बहिणीनं मला बाजारात गाठून सांगितलं की घरी आता फार शांतता असते, मला खडे सापडेनासे झाले.

तिसऱ्या गुरुवारी सुशीलानंच पिशवीतून एक कागद काढला. साबणाच्या वडीचं वेष्टण होतं आणि त्यावर हात कसे धुवावेत त्याची चार चित्रं. ती म्हणाली, बाई, तुम्हाला वाटायला आणि दाखवायला मनाई आहे, आम्हाला आणायला नाही. बाईंनी फाईल उघडली, आदेश पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, बरोबर हाये. त्या दिवसापासून कागद आम्ही आणू लागलो. आम्ही वाचायचो, आम्हीच आपापसात भांडून ठरवायचो कुणाला काय लागेल, आणि डॉक्टरांकडे सहीला घेऊन जायचो. बाई खिडकीशी बसून पुस्तिका वाचत असल्याचं दाखवायच्या. मला पहिल्यांदाच कळलं की निवडणं किती जड आहे. मी वीस कागद आणले होते. सुशीलानं एकोणीस नापास केले.

मग तो वैशाखातला दिवस आला. साहेब उपकेंद्रांच्या पाहणीला निघाले होते आणि भर दुपारी त्यांची जीप माझ्या दारात उभी राहिली. त्यांनी नोंदवह्या पाहिल्या, भिंतीवरचे तक्ते पाहिले, मला निर्जलीकरणाची लक्षणं विचारली. मी पुस्तिकेतली सगळी घडाघडा सांगितली. ते खूश झाले. तेवढ्यात उन्हातून एक म्हातारी धावत आली. कडेवर आठ-नऊ महिन्यांचा नातू, पदरानं झाकलेला. सून तेंदूपत्ता तोडायला रानात गेली होती.

“नर्सबाई, लेकराची टाळू बसली,” म्हातारी म्हणाली. “कालपासून हगून राहिलं, ओकून राहिलं. आता तं रडूनबी नाही राहिलं.”

साहेब मला हळू आवाजात म्हणाले, ही अंधश्रद्धा फार खोलवर आहे, टाळू बसणं असा काही रोग नसतो हे आधी ह्यांना नीट समजावून सांगा.

मी म्हातारीकडून मूल घेतलं. डोक्यावर हात फिरवला तर टाळूच्या जागी बोट आत जात होतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. घडाघडा म्हणून दाखवलेली लक्षणं माझ्या मांडीवर होती, पण ती मी ओळखली ती म्हातारीच्या शब्दांवरून. मी म्हातारीला काहीही समजावलं नाही. उकळून गार करून ठेवलेलं पाणी तांब्यात घेतलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर साखर. चव घेऊन पाहिली, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नाही ना. चमच्याचा थेंब ओठाला लावला. मुलानं जीभ हलवली. तेव्हा मी साहेबांकडे वळून म्हटलं, “साहेब, जीप लागेल. आत्ता.”

माझा आवाज समोरच्या हापशीपर्यंत गेला असावा, कारण तिथल्या दोघी पळत आल्या. साहेब काही न विचारता जीपकडे निघाले.

जीपमध्ये म्हातारी कधी बसली नव्हती. पहिल्याच वळणावर तिला घेरी आली आणि ती माझ्या अंगावर कलली. मला तिला धरावं लागलं. एका हातात तांब्या होता. मूल कुणी तरी घ्यायला हवं होतं. मी ते पुढच्या सीटवर साहेबांच्या मांडीवर दिलं आणि चमचा त्यांच्या हातात. तांब्या मी मागून त्यांच्यापुढं धरला आणि दर मिनिटाला एक चमचा, ओकलं तर थोडं थांबून पुन्हा, असं सांगितलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि जीपच्या धक्क्यांत एकेक चमचा मोजून देऊ लागले. ड्रायव्हरला त्यांनी तीनदा सांगितलं, हळू चालवा, आणि चारदा सांगितलं, लवकर चालवा. रस्ता धुळीचा, ऊन डोळे फोडणारं. अर्ध्या रस्त्यात मूल एकदा ओकलं. साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, चालू ठेवा. ते चालू ठेवत राहिले.

आरोग्य केंद्राची कौलं दिसायला लागली तेव्हा साहेब एकदम ताठ झाले.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ह्यानं माझ्या अंगावर...” आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना.

म्हातारीनं डोळे उघडले, पुढं वाकून सफारीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. “मुतला ना, साहेब?” ती म्हणाली. “मुतला म्हंजे वाचला.”

मी म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले का रडले ते मला आता आठवत नाही. दोन्ही केलं असेल.

डॉक्टरांनी मुलाला आत घेतलं. बाई व्हरांड्यात आल्या, त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न साहेबांना विचारला, पहिल्या चमच्यापासून लघवी व्हायला किती वेळ लागला? साहेबांनी घड्याळ पाहून सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी साहेबांच्या पँटकडे पाहिलं आणि डॉक्टरांचा पायजमा मागवला. जिल्ह्याचे प्रशिक्षण अधिकारी त्या दिवशी बुटक्या डॉक्टरांचा घोट्याच्या वर राहणारा पायजमा घालून जेवायला बसले. पँट अंगणातल्या दोरीवर वाळत होती. मूल आत पहिल्यांदा रडलं, आणि ते रडणं ऐकून व्हरांड्यातले आम्ही सगळे जेवता जेवता थांबलो.

जेवण झाल्यावर साहेब मला म्हणाले, त्या आजीबाई जे म्हणाल्या ते तुम्हाला कसं कळलं? मी वहीचं सांगितलं; ती मी उतरवून घेऊन बाईंना परत केली होती. त्यांनी बाईंना ती वही दाखवायला सांगितली.

“मले दाखवता येत नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “लेखी आदेश हाये.”

साहेबांनी कागद मागितला आणि तिथंच, पायजम्यावर, आपला आदेश मागं घेतल्याचं लिहून सही केली. बाईंनी ते वाचलं, तारीख राहिली आहे हे दाखवलं, तारीख घालून घेतली, फायलीला लावलं आणि मग वही आणून दिली. साहेब सूर्य कलेपर्यंत ती वाचत बसले. पँट केव्हाच वाळली होती. तिची कुणालाच आठवण झाली नाही.

बाई पुढं आणखी चार-पाच वर्षं नोकरीत होत्या. निवृत्त झाल्यावर बहिणीला घेऊन कोंढ्याकडे आपल्या गावी गेल्या. तिथून मला पाकिटं यायची. आत पत्र नसे, एक कात्रण असे आणि कोपऱ्यात निळसर बोटाचा डाग. मला मुलगी झाली तेव्हा, माझी बदली झाली तेव्हा, नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा, त्या त्या वेळी जे लागावं तेच नेमकं आलं. त्यांना बातम्या कोण देत होतं, देव जाणे. सुशीला पुढं आमच्याच केंद्रात बाईंच्या जागेवर आली. तिच्या कमरेला कात्री नव्हती. ती ब्लेड वापरायची.

पण मला सांगायचं राहिलं ते त्या वैशाखानंतरच्या हिवाळ्यातलं. साहेबांनी भंडाऱ्याला जिल्ह्यातल्या चाळीस नर्सचा वर्ग ठेवला आणि एक अख्खा दिवस मोठ्या बाईंना दिला. त्यांना वाटलं बाई कात्रणांचं गाठोडं घेऊन येतील. बाई एस.टी.तून उतरल्या त्या रिकाम्या हातानं, आणि त्यांच्यामागून नवं लुगडं नेसलेली ती म्हातारी उतरली. तिला एस.टी.तही घेरी आली होती.

हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा होत्या, समोर टेबल, टेबलावर फुलदाणी. साहेबांनी बाईंची ओळख करून दिली आणि भाषणाला बोलावलं. बाईंनी म्हातारीला पुढं नेलं. साहेब त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, तुम्ही बोलणार आहात ना?

“मी शंभर जणी पाहून हिले निवडून आणलं,” बाई म्हणाल्या. “आता मी कायले बोलू?”

म्हातारी खुर्चीवर बसली, दोनदा सरकली आणि तिसऱ्यांदा सरळ खाली उतरून मांडी घातली. खुर्चीवर बसून लेकराचं काही सांगता येत नाही, असं ती म्हणाली. मग पुढच्या रांगेतल्या दोघी खाली उतरल्या. त्यांच्यामागं आणखी उतरल्या. खुर्च्या भिंतीला लागल्या, कुणीतरी सतरंज्या आणल्या, आणि चाळीस पांढऱ्या साड्यांचं कोंडाळं म्हातारीभोवती झालं. तिनं एकीला पदराची गुंडाळी करून बाळ बनवायला सांगितलं. टाळू कुठं चाचपायची, डोळे कसे आत जातात, बाळ रडतं पण पाणी येत नाही तेव्हा काय समजायचं, हे ती शेजारणीशी बोलावं तसं सांगत गेली. मध्येच थांबून विचारत होती, तुमच्या गावाकडं याले काय म्हणतात? पवनीकडची एक काही सांगे, तुमसरकडची दुसरंच सांगे, आणि बाई एका कोपऱ्यात सतरंजीवर बसून दोन्ही लिहून घेत होत्या.

साहेब वही-पेन घेऊन उभे होते. त्यांनाही लिहून घ्यायचं होतं, म्हणून ऐकता ऐकता ते पुढं पुढं सरकत अगदी म्हातारीच्या समोर आले होते. तिनं बोलणं थांबवलं आणि मान वर केली.

“साहेब,” ती म्हणाली, “बूट काढा अन् खाली बसा. मांगच्या पोरीयले दिसून नाही राहिलं.”

 साहेबांनी भिंतीला लागलेल्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. मग एका हातानं टेबल धरून त्यांनी एकेक बूट काढला, दोन्ही दाराशी नेऊन ठेवले आणि मोज्यांवर परत आले. मोठ्या बाईंनी लिहिता लिहिताच जरा सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.